हेर्नान गाउनाच्या चौदा नोंदी

वसंताचा दिवस उद्यावर आला, तरी वाचनालयाच्या टेबलावर एका पुस्तकाची जागा रिकामीच होती. दर एकवीस सप्टेंबरला, इथल्या दक्षिण गोलार्धात वसंत सुरू होतो तेव्हा, गावातली झाडून सगळी पोरं गिटारी आणि सँडविचं घेऊन नदीकाठी लोळायला जातात. जाता जाता त्यांच्या हातात एखादं पुस्तक कोंबायचं, ही वाचनालय चालवणाऱ्या मिर्ताबाईंची युक्ती. यंदा पुस्तकं निवडायचं काम त्यांनी पंधरा वर्षांच्या आयलेनच्या गळ्यात घातलं होतं.

चौदा ठरली होती. पंधराव्या जागेसाठी दोन उमेदवार होते. एक, पैसे कसे सांभाळावेत हे शिकवणारं नवंकोरं पुस्तक. ते आयलेनच्या वडिलांनीच मुद्दाम देणगी म्हणून दिलेलं. दुसरा, पाठ उसवलेला एक कवितासंग्रह. वीस वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं रद्दीत, असा समितीचा ठराव होता आणि रद्दीवाला सहा वाजता येणार होता. टेबलावर जागा मिळाली तरच तो संग्रह बचावणार होता.

आयलेननं सहज संग्रहाच्या मागचं नोंदींचं कार्ड काढलं आणि ती थक्कच झाली. ओळीनं चौदा वेळा एकच नाव होतं, हेर्नान गाउना.

अहो, तिचा बाप! खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे विकणारा माणूस. गेल्याच आठवड्यात तिच्या गणिताच्या वहीत कविता सापडल्या, तेव्हा यानंच घर डोक्यावर घेतलं होतं. "कविता दाखवून वीजबिल माफ होतं का गं?" ते तिला फार लागलं होतं. चार दिवस ती त्याच्याशी धड बोलली नव्हती.

पण आता राहवेना. तिनं फोन लावला. "पापा, वाचनालयात या. आत्ताच्या आत्ता."

हेर्नान दुकान उघडं टाकून, हाताला रंग तसाच, धापा टाकत आला. "काय झालं? पडलीस?"

"हे काय आहे?" तिनं कार्ड पुढे केलं.

त्यानं कार्ड पाहिलं, मिर्ताबाईंकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसला. मिर्ताबाईंनी ‘माते’चा, म्हणजे इथल्या कडवट पाल्याच्या चहाचा, पेला त्याच्या हातात दिला. त्यांनाही ऐकायचंच होतं.

"मी सोळाचा होतो," तो म्हणाला. "मोटरसायकल घ्यायची होती. नऊशे पेसो. तेव्हा एक पेसो म्हणजे एक डॉलरच. बेकरीत काम करून पैसे साठवायचो. घरी ठेवावे तर तीन भाऊ, उशा फाडून शोधायचे मेले."

"मग बँकेत ठेवायचे!"

"बँकेत? आपल्याकडे?" तो हसला. "इथल्या शेवटच्या फळीवर हे पुस्तक होतं. म्हटलं, कविता कोण उघडतंय! नोटा ह्यात घातल्या. पण तेव्हाची बाई अशी खाष्ट, की पुस्तक हातात घेतलं की कार्डावर नाव लिहायचं आणि समोर बसून वाचायचं. नोट सरकवायची तर अर्धा तास पानं उलटावी लागायची."

"आणि?"

"डिसेंबरात बँकांनी सगळ्यांचे पैसे अडकवले. लोक पातेली बडवत रस्त्यावर आले. मी मात्र खूश, म्हटलं हेर्नान, शहाणा तू! जानेवारीत पेसोच कोसळला. चोरानं नेले नाहीत, भावांनी नेले नाहीत. नोटा जिथल्या तिथे होत्या, फक्त त्यांना किंमत उरली नव्हती. फेब्रुवारीत सगळ्या काढल्या. आली काय, तर एक जुनी सायकल आणि तिचा पंप." त्यानं पेला खाली ठेवला. "म्हणून म्हणतो, पैशाचं शीक. मला कुणी शिकवलं नाही, त्याची लाज अजून वाटते."

आयलेनचा राग ओसरला, पण मन खट्टू झालं. म्हणजे हे पुस्तक नुसती पेटी होती तर! तिनं ते रद्दीच्या गठ्ठ्याकडे सरकवलं. बाहेर रद्दीवाल्याच्या घोड्याच्या टापा वाजल्या.

"थांब," हेर्नान पटकन म्हणाला. "ती भट्टीवरच्या म्हातारीची कविता आहे का गं अजून त्यात? एक पान निसटलं होतं."

तिनं पुस्तक परत ओढलं. मग कार्ड. तारखांवरून बोट फिरवत ती शेवटाला आली.

"पापा, पैसे फेब्रुवारीत काढलेत ना?"

"सांगितलं की."

"मग एप्रिल, मे, जून? ह्या तीन नोंदी कशाच्या?"

हेर्नानचे कान लाल झाले. "थंडी होती," तो पुटपुटला. "इथं शेगडी असायची."

"इथं शेगडी? ती अजूनही नाही!" मिर्ताबाई म्हणाल्या.

तो बोटावरचा रंग खरवडत राहिला. आयलेनला हसू आलं. तिनं पैशाचं पुस्तक उचलून फळीवर लावलं आणि उसवलेला संग्रह पंधराव्या जागी ठेवला. रद्दीवाला गठ्ठा घेऊन गेला.

हेर्नान उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

"उद्या ह्या टेबलावरचं कुणीही नेऊ शकतं?"

"जो आधी येईल तो."

"हं," तो म्हणाला. "किती वाजता उघडता?"