बिननाकाच्या गाडीची केबिन

मित्रांनो, मी एक जुनी केबिन आहे. ट्रक नव्हे हं, ट्रकची नुसती केबिन. ट्रक गेला, इंजिन गेलं, चाकं गेली, स्टेअरिंगसुद्धा गेलं, उरले मी. वारंगा फाट्यावर, हायवेच्या कडेला, विटांच्या चार थप्प्यांवर मला बसवून ठेवलं आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "हे काय भंगार ठेवलंय इथं!" म्हणोत बापडे. बोलणाऱ्याचं तोंड कोणी धरावं?

येत्या सोमवारी मला मोडणार आहेत. पण काल दुपारी असं काही झालं, की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. तुम्ही शहाणी मुलं आहात, म्हणून तुम्हालाच सांगते.

माझा जन्म इथलाच. त्या काळी कारखान्यातून ट्रक यायचा तो केबिनशिवाय. नुसता लोखंडी सांगाडा, त्यावर इंजिन आणि स्टेअरिंग. ड्रायव्हर एका फळीवर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून ती उघडी गाडी घेऊन यायचा. मग गावोगावचे मिस्त्री तिला केबिन बांधायचे. मला जळबा मिस्त्रीनं बांधलं. हातात रंधा आणि तोंडात तंबाखू, असा तो माणूस. बोलायचा कमी.

गाडीचा मालक मात्र घाईचा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, आंब्याचं लाकूड टाका की. पत्र्याखाली कोण बघतंय?"

जळबानं तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "कोणी बघत न्हाई, ते बराबर हाय मालक. पर नाकाच्या गाडीत माणसाच्या म्होरं हातभर इंजिन ऱ्हातं. हिला नाकच न्हाई. हिच्यात म्होरं काच, अन् काचंमागं डायरेक माणूस. त्याच्या म्होरं मी सागवानच घालणार."

जुन्या ट्रकांना पुढं लांब नाक असायचं, हे तुम्ही कदाचित पाहिलं नसेल. त्या नाकात इंजिन, आणि त्याच्या मागं ड्रायव्हर. माझ्या वेळेला चपट्या तोंडाच्या गाड्या आल्या. इंजिन आत आलं, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध झाकणाखाली बसलं, आणि ड्रायव्हर सगळ्यांच्या पुढं गेला. जळबानं माझ्या काचेखाली सागाचा जाडजूड आडवा दांडा घातला आणि त्यावर पत्रा ठोकला.

माझा ड्रायव्हर होता वसराम, कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा. चौदा वर्षं त्यानं नाकाची गाडी चालवली होती. पहिल्या दिवशी तो ऐटीत माझ्यात चढला, नारळ फुटला, आणि फाट्यावरच्या वळणाला त्यानं जुन्या सवयीनं गाडी वळवली. आता बघा, चपट्या गाडीत ड्रायव्हर चाकाच्याही पुढं असतो. आपण वळणाच्या पुढं गेल्यावर स्टेअरिंग फिरवायचं असतं. यानं आधीच फिरवलं! मागच्या चाकाखाली हॉटेलवाल्याची ताडपत्री गेली, दोन बाकडी गेली आणि भजी तळायची कढई चपटी झाली. हॉटेलवाला ओरडला, "आरं, नाक कापलं तर कापलं, डोळे तरी हायेत का न्हाई?"

पुढचे पंधरा दिवस वसरामचं एकच चालायचं. समोरून कोणी आडवं आलं, की तो ब्रेक मारायच्या आधी पाय पोटाशी ओढून घ्यायचा. मला हसू यायचं. पण मग तो शिकला, आणि असा शिकला की विचारू नका. वसमतला हळदीची पोती घेऊन जाताना दोन बोटांच्या अंतरानं बैलगाडीच्या शेजारून न्यायचा, आणि बैलाला पत्ता लागायचा नाही.

तो म्हणायचा, "नाकाच्या गाडीत माणूस मागं बसून हाकतो. हिच्यात समदी वाट आधी आपल्यालाच भेटती. आमचे जुने लोक बैलांवर मीठ-धान लादून मुलूखभर फिरायचे, तवा तांड्याचा नायक म्होरं चालायचा. मी बी तसाच म्होरं."

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात शिजवलेल्या हळदीचा वास आत भरायचा. थंडीत वसराम इंजिनाच्या झाकणावर भाकरी ठेवायचा, ती गरम होईपर्यंत डोंगरकडा गाव गाठायचा. रस्ता माझ्या काचेखालून असा आत यायचा, जसा कोणी घरचाच आहे. फाट्यावर ड्रायव्हर लोक थांबून माझ्या रंगावरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "कोणी बांधली?" मी फुगून जायची. फुगू नये तर काय करू? कौतुक कोणाला आवडत नाही?

कौतुक नव्हतं ते एकाच माणसाला. वसरामच्या बायकोला, पारुबाईला.

ती पहिल्यांदा मला बघायला आली, तेव्हा समोर उभी राहिली आणि काचेवर तळहात ठेवला. तांड्यावरची माणसं आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. ऐकून ऐकून मला समजते, तुम्हाला मी मराठीत सांगते. ती म्हणाली, "ह्याच्या म्होरं काय हाय?"

"काय न्हाई. रस्ता."

"तेच म्हणून राहिले मी," ती म्हणाली. "काई आलं तर आधी तुमालाच लागंल."

ती माझ्यात कधी चढली नाही. तांड्याचं वऱ्हाड निघालं, तरी ती मागं हौद्यात बायकांत बसायची. वसराम म्हणायचा, "अगं, म्होरं ये, गार वारं लागतंय." ती मान फिरवायची. तो वसमतला गेला, की ती दारात बसून राहायची, असं तोच हसत हसत सांगायचा. मला तिचा राग यायचा. मला वाटायचं, ही बाई काहून अशी? इतकी सुंदर जागा, आणि हिला मरणच दिसतं!

पण तिचं खरं ठरलं.

मार्च महिना होता. दिवस नुकताच बुडाला होता. मागं हळदीची पोती होती आणि माझ्या डाव्या सीटवर त्या हळदीचा मालक, सटवाजी नावाचा शेतकरी, डुलक्या घेत होता. वळण संपलं आणि समोर उसाची ट्रॉली. चाक फुटलं म्हणून रस्त्यातच उभी केलेली. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. उसाचे शेंडे अंधारात मिसळून गेले होते. दिसली तेव्हा पन्नास पावलंसुद्धा उरली नव्हती.

मित्रांनो, अशा वेळी माणसाचा हात आपसूक स्वतःची बाजू वाचवतो. उजवीकडं रस्ता मोकळा होता. तिकडं घेतली असती, तर वसराम सुटला असता आणि माझा डावा कोपरा, सटवाजीचा कोपरा, ट्रॉलीवर गेला असता. वसरामनं गाडी डावीकडं ओढली. सटवाजी शेताच्या कडेला सुखरूप गेला. ट्रॉलीचं लोखंड आलं ते माझ्या उजव्या कोपऱ्यात, वसरामच्या गुडघ्यावर.

पत्रा कागदासारखा आत आला. सागाचा दांडा तडकला, पण तुटला नाही. लोखंड वसरामच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबलं. त्याचा पाय गेला, जीव राहिला.

पुढचं मी सटवाजीच्या तोंडून ऐकलं. मोडलेली गाडी जळबाच्या दुकानात ओढून आणली होती, तिथं येऊन, माझ्याकडं बघत तो लहान लेकरासारखा रडत होता. दवाखान्यात पारुबाईनं नवऱ्याला एकच विचारलं होतं, "उजवीकडं काहून न्हाई घेतली?"

वसराम म्हणाला, "सटवाजी गेला असता."

"अन् तुमी गेले असते, तर मी कुठं जाऊ?"

तिनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्याला आण घातली. पुन्हा कुठल्याही गाडीत पुढं बसायचं नाही. चालवायची तर नाहीच, नुसतं बसायचंही नाही.

मालकानं गाडीला नवी तयार केबिन बसवली आणि मला उतरवून इथं, जळबाच्या दुकानासमोर, ठेवलं. त्याला बारा वर्षं झाली. जळबा मिस्त्री वारला. आता कारखान्यातूनच गाड्या केबिनसकट येतात, थंड हवेची यंत्रं लावलेल्या. चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. माझ्यात मात्र कोंबड्या अंडी घालू लागल्या. कोणी सिमेंटची रिकामी पोती टाकली. एक काच पोरांनी दगडानं फोडली, दुसरी कशी वाचली देव जाणे.

वसराम यायचा. आठवड्यातून एकदा, लंगडत, समोरच्या हॉटेलात. सटवाजीनं सांगितलं होतं, तो एसटीतसुद्धा सगळ्यात मागच्या सीटवर बसतो. चहाचा पेला हातात घेऊन तो माझ्याकडं बघत राहायचा आणि पेला संपला की निघून जायचा. मधे फक्त रस्ता. बारा वर्षांत त्यानं तो एकदाही ओलांडला नाही. मी दर वेळी म्हणायची, अरे बाबा, ये की! चालवू नकोस, नुसता दाराला हात तरी लाव. माझं चुकलं काय? पण आण म्हणजे आण.

आता जळबाचा मुलगा विजयकुमार गाड्या धुवायचा रॅम्प बांधतो आहे. त्याला माझी जागा पाहिजे. चांगला मुलगा आहे, पण करणार काय? भंगारवाला सोमवारी येणार, ही बातमी तांड्यावर गेली.

काल दुपारी एसटीतून दोघं उतरली. वसरामला हॉटेलात बसवून पारुबाई एकटी रस्ता ओलांडून आली. केस पांढरे झाले होते. ती माझ्यासमोर उभी राहिली, तशीच, पहिल्या दिवसासारखी.

"तू जाणार म्हणून त्यानं तीन दिस भाकर खाल्ली न्हाई," ती मला म्हणाली. "पाय तू खाल्ला, तरी तुझ्यासाठीच झुरून राहिला. असं काय हाय गं तुझ्यात, मला बघू दे."

तिनं चेपलेल्या कोपऱ्यावर हात फिरवला. मग लुगडं सावरलं, दाराचा दांडा धरला आणि चढली. कोंबडी फडफडत बाहेर पळाली. पारुबाई वसरामच्या जागी बसली. समोर स्टेअरिंग नव्हतं, तिचे हात मांडीवर होते.

मित्रांनो, फाट्याचं वळण माझ्या बरोबर समोर आहे. सगळा रस्ता लांबून सरळ माझ्या अंगावर येतो आणि मग वळतो. दोन्ही बाजूंना हळदीची काढलेली रानं, वर आभाळ, आणि मधे काहीच नाही. नाक नाही, लोखंड नाही. ती बघत राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

मग तिनं फुटक्या काचेतून हाक मारली, "अवं, इकडं या!"

वसराम पेला ठेवून रस्ता ओलांडून आला. दाराशी थांबला. "तुझी आण हाय ना?"

"मी घातली, मीच सोडते. चढा वर."

तो दुसऱ्या बाजूनं चढला, सटवाजीच्या सीटवर बसला. त्याची जागा तिनं काही सोडली नाही. दोघं समोर बघत राहिली. पारुबाई म्हणाली, "मी घरी बसून रोज तुमचं मरण बघत व्हते. अन् तुमी इथं बसून हे बघत व्हते व्हय!"

वसरामला रडू आवरेना. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात माझ्यावर होता, आणि खरं सांगते, मलाही काही सुचेनासं झालं.

तेवढ्यात नांदेडकडून एक भरलेला ट्रक आला. सरळ आमच्यावर. पारुबाईनं पाय पोटाशी घेतले. ट्रक वळला, आणि वळताना त्याच्या ड्रायव्हरनं, विटांवर ठेवलेल्या मोडक्या केबिनीत स्टेअरिंगच्या जागी बसलेल्या म्हातारीला बघून, सरळ हात केला. ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो तसा.

पारुबाई आधी गोंधळली. मग तिनंही हात वर केला. आणि म्हणाली, "आजून येक येऊ द्या. मग जाऊ."

शेवटची एसटी येईपर्यंत ती उठली नाही.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. माझा सोमवार ठरला आहे आणि आता त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण तुमच्या घरी ट्रॉली असेल, तर तिला आजच मागं दिवा लावा, लाल पट्टी लावा. वडील "उद्या लावू" म्हणाले, तर भांडा. तुमच्या घरचं कोणी पुढं बसत असेल, तर ते तिथून काय बघतं, हे एकदा त्याच्या शेजारी बसून विचारा. बारा वर्षं थांबू नका. आणि रस्त्यावर समोरून गाडी आली, तर पुढं बसलेल्या माणसाला हात करा. तो करीलच. नाही केला, तर रागावू नका. त्याची नजर रस्त्यावर आहे, असं समजा आणि घरी जा.