पलीकडच्या खोलीतला ठेका

दातांच्या डॉक्टरांना आपल्या कानांचा फार अभिमान होता. दिवसभर ड्रिलच्या घरघरीत बसूनही आपले कान शाबूत आहेत, असं ते पेशंटच्या तोंडात कापूस असताना सांगत. त्यामुळे आजवर त्यावर कुणी हरकत घेतली नव्हती.

या कानांना भडकावलं ते त्यांच्या मेव्हण्याने. एका रविवारी तो बहिणीकडे जेवायला आला आणि डॉक्टरांच्या रेकॉर्ड प्लेअरसमोर, आजाऱ्याच्या खाटेपाशी उभं राहावं तसा उभा राहिला.

"भाऊजी, हा अजून चालतो?"

"न चालायला काय झालं?" डॉक्टर म्हणाले. तो प्लेअर त्यांनी तरुणपणी घेतला होता. दगडासारखा जड. बटण दाबलं की बोट उचलायच्या आत तबकडी पूर्ण वेगाने फिरायची.

"डायरेक्ट ड्राइव्ह आहे. मोटर थेट तबकडीच्या पोटात, म्हणजे तिची थरथर सुईत उतरणारच. आताच्या भारी प्लेअरमध्ये मोटर बाजूला असते, मधे नुसता रबरी पट्टा. सासुरवाडीसारखं. संबंध असतो, पण अंतर ठेवून."

सासुरवाडीच्याच माणसाने हे सांगितल्यावर डॉक्टरांना ते पटलं.

नवा प्लेअर तीन खोक्यांतून आला. काचेसारखी जाड तबकडी, स्प्रिंगांवर तरंगणारा पाट आणि शेजारी डबीएवढी मोटर. वेग बदलायचा तर तबकडी उचलून पट्टा नखाने सरकवायचा.

"एवढ्या किमतीत झाकण नाही?" बायकोने विचारलं.

"झाकणाने आवाज बिघडतो."

"आणि धूळ?"

"पुसायची."

"कोणी?"

यावर डॉक्टरांनी रेकॉर्ड लावली. व्हायोलिन होतं. आणि खोटं कशाला बोला, आवाज अप्रतिम होता. कमान तारेला टेकण्याआधी वादकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. डॉक्टरांचे डोळे पाणावले.

"सर्दी झालीये का त्याला?" बायको म्हणाली, आणि जुना प्लेअर काखोटीला मारून पलीकडच्या खोलीत गेली.

पलीकडच्या खोलीत तिचा नाचाचा वर्ग चाले. गल्लीतल्या डझनभर बायका संध्याकाळी यायच्या. जुन्या प्लेअरला वेग कमीजास्त करायची पट्टी होती. नवख्या बायकांसाठी गाणं हळू करायला तिला असंच काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यातून आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले. व्हायोलिन सुरू झालं. तेवढ्यात पलीकडे डझनभर डावे पाय एकदम लाकडी जमिनीवर पडले. इकडे स्प्रिंगांवरचा पाट हिंदकळला आणि सुई घसरत थेट तिसऱ्या रागात गेली.

डॉक्टर पलीकडच्या दारात जाऊन उभे राहिले. "जरा हळू पाय टाकता येतील का?"

"नाच शिकवतेय मी, चोरी नाही," बायको म्हणाली.

मग डॉक्टरांनी कंबर कसली. प्लेअरखाली फरशी ठेवून पाहिली, रबराचे ठोकळे ठेवून पाहिले. शेवटी सुतार बोलावून भिंतीत फळी ठोकून घेतली. त्याच भिंतीला पलीकडून दांडा होता आणि त्याला धरून त्या बायका पाय झुलवत, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा सुतार घरी पोचला होता.

घरात मोजे घालून चालायचा नियम निघाला. त्याचा पहिला बळी खुद्द डॉक्टर. सुई टेकवून चवड्यांवर, श्वास रोखून खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत अर्धी रेकॉर्ड सरायची.

जुन्या प्लेअरला मात्र कशाचंच सोयरसुतक नव्हतं. बायका नाचत, पडत, हसत. तो आपला खणखणीत वाजत होता. त्यात श्वासबिश्वास ऐकू येत नव्हता, पण ठेका असा पक्का की भिंतीतून आरपार यायचा. एका संध्याकाळी व्हायोलिन अडखळलं. पलीकडून धक्का आला नव्हता, बायका विश्रांतीला बसल्या होत्या आणि गाणं नुसतं वाजत होतं. डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांचाच पाय त्या गाण्यावर ताल धरून बसला होता.

त्यांनी आपल्या पायाला दटावलं. पाय ऐकेना. तेव्हा ते उठले, नव्या प्लेअरची सुई उचलून ठेवली आणि पलीकडे गेले.

"मी नुसता कोपऱ्यात बसतो."

"इथे कोपऱ्यात कुणी बसत नाही," बायको म्हणाली. "आलात तर रांगेत उभे राहा."

डॉक्टर मागच्या रांगेत उभे राहिले. शेजारी किराणावाल्याची बायको होती. गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी तिची अक्कलदाढ काढली होती. ती हळूच म्हणाली, "घाबरू नका, डॉक्टर. अजिबात दुखणार नाही. दुखलंच तर हात वर करा."

डॉक्टरांनी चार पावलांत दोनदा हात वर केला. बायकोने त्यांच्यासाठी गाणं इतकं हळू केलं की गायिका जांभया देतेय असं वाटू लागलं. पण महिन्याभरात ते उजवं-डावं करू लागले, आणि पेशंट सांगतात, दवाखान्यात शीळ घालू लागले.

मेव्हणा पुन्हा आला तेव्हा नव्या प्लेअरवर चादर होती आणि भाऊजी घामाघूम.

"हे काय? आवडला नाही?"

"आवडला की. तुझं म्हणणं सोळा आणे खरं, त्याच्याइतकं बारीक या जुन्याला जमणार नाही. पण तो वाजायचा तर घरातल्यांनी मेल्यासारखं पडून राहायला हवं." डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "तू एकटा राहतोस, तळमजल्यावर, फरशीच्या घरात. घेऊन जा."

मेव्हण्याने आढेवेढे घेतले, पण गाडी त्याने आधीच दारापर्यंत आणून उलटी लावली होती, हे बहिणीने खिडकीतून पाहिलं होतं. झाकण नसलेली वस्तू घरातून जाते आहे म्हटल्यावर तिने दार स्वतः उघडून धरलं.

आता वर्गाला सुट्टी असते त्या दिवशी डॉक्टर मेव्हण्याकडे जातात. दोघे शेजारी बसून डोळे मिटून, जराही न हलता ऐकतात. परवा ते तिथून घरी आले तेव्हा बायकोने विचारलं, "कसं झालं?"

"स्वर्गीय," डॉक्टर म्हणाले, आणि खुर्चीचा आधार घेत गुडघे चोळू लागले. "फक्त पाय आखडतात."