दुसरी किल्ली

मोटारीला साधी लोखंडी किल्ली असावी, ती भोकात घालावी, पिळावी आणि चालू पडावं, असं माझं पहिल्यापासून स्पष्ट मत होतं. पण आमच्या घरात माझ्या मताला कुत्रंही विचारत नव्हतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शोरूममध्ये ती बिनकिल्लीची गाडी पाहिली आणि हट्टालाच पेटले. किल्ली नुसती खिशात ठेवायची, जवळ गेलं की दार उघडतं, आत बसून ब्रेक दाबायचा, बटण दाबायचं, की इंजिन सुरू. "हिला आपला माणूस कळतो की रे, रेवण!" असं म्हणून त्यांनी टपावर थाप मारली आणि विषय संपला.

गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळाल्या. एक माझ्याकडं आली आणि दुसरी, जन्मात कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या अप्पांनी स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकली, कारण मालकाकडं किल्ली नसेल तर तो मालक कसला. मग रोजचा छळ सुरू झाला. मी घाईत दाराला हात घालायला जावं आणि कट्ट्यावर बसलेल्या अप्पांनी खिशातल्या खिशात बटण दाबून गाडी लॉक करावी, टुक-टुक. माझी मुलगी सृष्टी खो-खो हसायची, माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. डावीकडची पुढची सीट त्यांची. बसले की डॅशबोर्डवर दोनदा टिचकी आणि घरातल्या कानडीत हुकूम, "नडी!", म्हणजे चल. पट्टा त्यांच्या पोटाला काचायचा, न लावावा तर गाडी बोंबलायची, म्हणून ते पट्टा लावायचे आणि सगळा रस्ताभर मुठीत धरून पोटापासून लांब ओढून ठेवायचे. "अप्पा, सोडा तो पट्टा, तुटेल," असं मी किती वेळा ओरडलो असेन याला हिशेब नाही.

एक गोष्ट मात्र ते मंद्रूपमध्ये भेटेल त्याला सांगत असत. नात डॉक्टरकीच्या परीक्षेला बसेल तेव्हा तिला पोचवायला मी जाणार, आणि गेटापर्यंत नाही, गेटाच्या आतपर्यंत जाणार. गेल्या वर्षी सृष्टीचा प्रवेश थोडक्यात हुकला, तिनं पुन्हा एक वर्ष खोलीत कोंडून घेतलं, आणि जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात अप्पा गेले. "ही शेवटची खेप, पप्पा. आता नाही झालं तर पुस्तकं रद्दीत घाला," सृष्टी मला म्हणाली होती, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी मुलगी आहे.

परीक्षा मे महिन्यातल्या रविवारी, सोलापूरच्या पलीकडच्या टोकाच्या एका शाळेत, आणि दीडला गेट बंद झालं की प्रत्यक्ष देव आला तरी उघडत नाही. मी सकाळीच निघायच्या बेतात होतो. पण अव्वा, माझी आई मथुराबाई, आडवी आली. अज्जाच्या पाया पडल्याबिगर पोरगी पेपरला जायची न्हाय, बस्स. म्हणून मुख्य रस्ता सोडून शेताकडं वळलो, बांधावरच्या कडुलिंबाखाली गाडी उभी केली, सवयीनं लॉक केली आणि अप्पांच्या समाधीपाशी गेलो. पेन ठेव, गाडीची किल्ली ठेव, अव्वा म्हणाली. मी ठेवली. विभूतीचं बोट लावील, फूल वाहील, असा माझा समज. तेवढ्यात फोन वाजला, मी बोलत चार पावलं लांब गेलो, आणि वळून बघतो तर अव्वानं अख्खा तांब्या किल्लीवर रिकामा केलेला!

"अगं, हे काय केलंस!"

"लिंगाला पाणी घालत्यात तसंच घातलं की," अव्वा म्हणाली.

किल्ली पुसली, फुंकली, मांडीवर आपटली, बटणं दाबून अंगठा दुखायला लागला, पण गाडी ढिम्म. किल्लीच्या पोटात अडीअडचणीला एक बारकी लोखंडी किल्ली असते, ती ओढून काढली आणि दार उघडलं, तर चोर शिरल्यासारखी गाडी बोंबलायला लागली. त्या बोंबेतच आत बसलो, ब्रेक दाबला, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, "की नॉट डिटेक्टेड", म्हणजे किल्ली सापडत नाही. शोरूमवाल्यानं सांगून ठेवलं होतं की बॅटरी गेली तर किल्ली बटणालाच टेकवून दाबायची. टेकवली. उलटी टेकवली, आडवी टेकवली, आईवरून शिवी हासडून टेकवली. नॉट डिटेक्टेड. गावात फोन लावले, तर गावातली सगळी चाकं अक्कलकोटला लग्नाला गेलेली.

शेवटी शोरूमच्या मेकॅनिकला गाठलं. बॅटरी काढून वाळवा म्हणाला. ती नाण्याएवढी बॅटरी काढून मी डाव्या हातात रुमालात धरली, उजव्या हातात उघडी पडलेली किल्ली, फोन खांद्याला. "आतली चिपच भिजलीय सर," तो म्हणाला, "दुसरी किल्ली आणा की, सोप्पंय."

दुसरी किल्ली! चार महिने मी घरादारात विचारत होतो. माझा तोल गेला. "अव्वा, दुसरी किल्ली कुठंय? आज तरी सांग!"

अव्वा समाधीवर विभूतीच्या रेघा ओढत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "ती त्यांच्यापाशीच हाय की."

"म्हणजे?"

"बंडीच्या खिशात. तुमी सगळ्यांनी मिळून बसवलं न्हवं का त्यास्नी? बंडी काढली हुती का कुणी?"

आमच्यात माणूस गेल्यावर त्याला आडवं करत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, तळहातावर लिंग देऊन खड्ड्यात बसवतात आणि बसल्या बैठकीला माती देतात. अप्पांना बसवताना डावा खांदा मी धरला होता. नवं धोतर नेसवलेलं, अंगात मात्र नेहमीची बंडी, कारण नवी त्यांना कधीच मानवली नाही. त्या वेळी माझ्या मनगटाला खिशातलं काहीतरी टणक लागलं होतं आणि मला ती विभूतीची डबी वाटली होती. ती डबी नव्हती. फोनवर मेकॅनिक अजून बोलतच होता, "आणि सर, ती आत लागते हां. बाहेर असून उपयोग नाही, पुढच्या सीटपाशी असायला पाहिजे."

सृष्टी बांधावर बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. हॉलतिकीट उन्हानं तापू नये म्हणून ओढणीखाली धरून ती समाधीकडं बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

टुक-टुक.

बोंब थांबली. गाडीचे दिवे दोनदा लागले आणि विझले. मी हाताकडं पाहिलं. बॅटरी माझ्या डाव्या हातात, रुमालातच होती.

विचार करायला वेळ कुठं होता! आत उडी मारली, बटण दाबलं, आणि काही घडलंच नसावं इतक्या सहज इंजिन चालू झालं. पडद्यावर तक्रार नाही. जवळच मातीखाली किल्ली आहे, पकडला असेल सिग्नल, असं मी स्वतःला दटावून सांगितलं आणि अव्वाला चल म्हणालो. ती जागची हलली नाही. "मी वस्तीवर बसते. जावा तुमी तिघं."

म्हातारीचं मोजण्यात चुकलं, दुसरं काय. सृष्टी नेहमीप्रमाणं मागं बसली आणि मी गाडी हाणली.

किल्ली मागं राहिली की ही गाडी हमखास ठणाणा करते. मी त्याची वाट बघत होतो. शेत मागं पडलं, मंद्रूप मागं पडलं, ठणाणा काही झाला नाही. त्याऐवजी हायवेला लागताच दुसराच आवाज सुरू झाला, डावीकडच्या पट्ट्याचा. पुढच्या डाव्या सीटवर पिशवी नव्हती, पाण्याची बाटली नव्हती, काही म्हणजे काहीच नव्हतं. टिंग, टिंग, टिंग, डोक्यात घण बसायला लागले. शेवटी मी वैतागून हात लांब केला, पट्टा खसकन ओढला आणि रिकाम्या सीटवरून अडकवून टाकला. आवाज बंद झाला. मी परत तिकडं बघितलं नाही, समोरून ट्रक येत होते.

"पप्पा," मागून सृष्टी म्हणाली, "विभूतीचा वास यायलाय."

"हाताला लागली असेल. तू वाच."

पोचलो तेव्हा गेट ओढायला घेतलं होतं. सृष्टी पळाली, मीही इंजिन बंद करून गाडी तशीच सोडून मागं धावलो, पण पालकांना दोरीच्या अलीकडंच अडवत होते. एक पोलीसबाई हातातलं यंत्र मुलींच्या अंगावरून फिरवत होती. सृष्टीच्या उजव्या हातापाशी ते किंचाळलं.

"मूठ उघड." सृष्टीनं उघडली. रिकामी. यंत्र पुन्हा किंचाळलं, अंगावर कुठंच नाही, फक्त त्या हाताशी. "गाडीची किल्ली-बिल्ली आहे का? बाहेर ठेव. असं आत सोडता येणार नाही मला." मागून कोणीतरी गेट बंद, गेट बंद म्हणून ओरडलं.

सृष्टीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा उजवा हात खाली लोंबत नव्हता. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा असतो तसा तो बाजूला, जरा वर उचललेला होता, आणि तिच्या तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता. मुलीचं अख्खं वर्ष त्या गेटाच्या फटीत अडकलेलं, आणि मी शेकडो लोकांदेखत, दोरीवरून वाकून, आयुष्यभर ओरडत आलो तसाच ओरडलो, "अप्पा! सोडा तिचा हात! तुमच्यापायी ती बाहेर राहील!"

लोक माझ्याकडं बघायला लागले. यंत्र गप्प झालं. पोलीसबाईनं ते दोनदा झटकलं, पुन्हा फिरवलं, आणि सृष्टीला आत ढकललं. तिच्यामागं गेट बंद झालं.

गाडीपाशी आलो. डावीकडचा पट्टा सुटून आपल्या जागी गेलेला होता. आत बसून बटण दाबलं. की नॉट डिटेक्टेड. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पेपर सुटेपर्यंत मी रसवंतीच्या सावलीत बसून दर थोड्या वेळानं येत होतो, बटण दाबत होतो आणि परत जात होतो. एवढा हताश मी अप्पा गेले त्या दिवशीही नव्हतो.

मुलं सुटली. त्या गर्दीत सृष्टी मला अजून दिसलीही नव्हती, तेव्हा माझ्या पाठीशी गाडीचे दिवे लागले. टुक-टुक.

ती आली, मागचं दार उघडून बसली. दमलेली होती, पण डोळे चमकत होते.

"कसा गेला?"

"मस्त गेला, पप्पा. सगळं येत होतं. आत अजिबात भीती वाटली नाही मला."

मी बटण दाबलं, इंजिन चालू झालं, आणि लगेच डावीकडचा तो आवाज, टिंग, टिंग, टिंग. मी हात लांब केला, पट्टा ओढून अडकवला, आणि या वेळी मान वळवून बघितलं.

पट्टा सीटला टेकला नव्हता. सीटपासून चांगला हातभर पुढं तो हवेत ताणून राहिला होता, आणि मधोमध, मुठीत धरल्यासारखा चुरगळलेला होता.