अप्पांच्या आजारांची वाटणी

अप्पा गेले, पण त्यांचे आजार घरातच राहिले.

बाराव्याला मी माहेरी पोचले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत सतरंजीवर होते. माश्या बसू नयेत म्हणून वहिनीनं वरून अप्पांचं जुनं धोतर टाकलं होतं. आई गेली तेव्हा आपलं सगळं सोबत घेऊन गेली होती. तिच्या अंगात रक्त कमी असायचं, ते कमीपणसुद्धा तिनं मागे ठेवलं नाही. अप्पांना तसं जमलं नाही. वहिनी म्हणाली, पुरुषांना आवरून जायची सवय नसते.

माझ्याबरोबर माझी मुलगी तनुजा होती. ती सातवीत आहे, कबड्डी खेळते. चढाईला गेली की तिचा दम तुटत नाही. समोरच्या पोरी धापा टाकायला लागतात तरी हिचं आपलं चालूच असतं. माहेरी जाताना पोरीला मागे ठेवायची आमच्यात पद्धत नाही. आजोळचं तोंड बघू दे, म्हणून मी तिला आणलं.

दादाची आणि प्रल्हादची मुलं घरात दिसली नाहीत. मी विचारलं तेव्हा वहिनीनं सांगितलं की सगळ्यांना सकाळच्या गाडीनं आजोळी पाठवलंय.

"आजोळी पोरांना काही होत नाही," ती म्हणाली आणि तनुजाच्या ताटात आणखी एक बुंदीचा लाडू वाढला.

जेवणं झाली. दादानं हाक मारली.

"वैजू, ये. तुझाही पाट मांडलाय."

घराची वाटणी झाली तेव्हा मला पाट नव्हता. मी दाराशी उभी राहिले होते, हक्क सोडला होता, साडी-चोळी घेतली होती आणि परत गेले होते. बहिणी सोडतात. नाही सोडलं तर माहेर तुटतं. या वेळी मात्र दादा म्हणाला की कायद्यानं लेकीचा सारखा वाटा आहे आणि तो कायद्याबाहेर जाणार नाही. पाटाभोवती रांगोळीसुद्धा होती.

मला बरं वाटलं. मी पदर खोचून बसले.

(भिंत थोडी पुढे आली. मी पाट थोडा पुढे घेतला.)

वाटणीला मोठं माणूस म्हणून बापूमामा होते. आईचे भाऊ. भावकीतल्या बऱ्याच वाटण्या त्यांनीच केल्या आहेत. त्यांनी धोतर काढलं आणि घडी करून मांडीखाली घेतलं.

पहिली साखर होती. गुळाच्या ढेपेएवढी, पांढरट, ओलसर. मुंग्या तिच्याभोवती गोल फिरत होत्या आणि वर चढत नव्हत्या. ढेपेत अप्पांच्या डाव्या पायाचा अंगठा रुतलेला होता. तो दवाखान्यात काढला होता आणि डॉक्टरांनी आम्हाला दाखवलाही होता. आता तो परत आला होता. नख वाढलं होतं.

दुसरा दमा. अप्पा हळदीला पॉलिश करायच्या कारखान्यात होते, म्हणून तो पिवळा होता. मांजराच्या पिल्लासारखा मऊ, दुमडलेला. वरखाली व्हायचा आणि वर होताना त्यातून बारीक शिट्टी यायची.

तिसरी सांधेदुखी. काटक्यांची मोळी. तिला हलवलं की सगळ्या काटक्या एकदम करकरायच्या आणि बऱ्याच वेळानं एकेक गप्प व्हायची.

"आणि दाब?" मी विचारलं. अप्पांना रक्तदाब होता.

"तो भिंतीत आहे," दादा म्हणाला. "त्याला रूप नाही. दिसत नाही म्हणून अप्पा गोळ्या घेत नव्हते. वाटणी झाली की तो आपोआप जाईल कुणाच्या तरी मागं."

(भिंत पुन्हा पुढे आली. कपाट खिडकीला टेकलं.)

मामा एकेका वाट्याची माहिती देऊ लागले. जमीन दाखवताना विहीर कुठे, बांध कुठे ते सांगतात, तसंच. साखर, ते म्हणाले, तशी गरीब. वीस वर्षं घरात राहते, कळतही नाही. पायाला मुंग्या येतात, मग त्याही यायच्या बंद होतात, चप्पल कधी निसटली ते समजत नाही. जखम झाली की ती भरायला विसरते. डोळे तिला सगळ्यात शेवटी आठवतात. दमा कामसू. रात्रंदिवस राबतो, पण खोलीत दुसऱ्याला बसू देत नाही. सांध्यांचं म्हणाल तर ते पहाटे कडक, दुपारी नरम. वाटी धरता येते, झाकण उघडता येत नाही. दाब मात्र एकदम शांत, कधी कुणाला उलटून बोललेला नाही. आणि एक दिवस तोंड एका बाजूला.

"मग हलकं कुठलं?" प्रल्हादनं विचारलं. तो माझ्याहून मोठा, दादाहून धाकटा.

"हलकं असतं तर तुमच्या बापानं नेलं असतं," मामा म्हणाले. दादा हसला. वहिनी आतून हसली.

मग मामांनी रीत सांगितली. ती मला माहीत होती, सगळ्यांनाच माहीत आहे. वाटे मोठ्यानं करायचे आणि आधी धाकट्यानं उचलायचं. म्हणजे मोठा वाटे करताना लबाडी करत नाही. आपल्या हातानं उचलायचं, दोन्ही हातांनी. ज्यानं उचललं, त्याचं झालं. उचललेलं खाली ठेवता येत नाही.

"धाकटी मीच आहे," मी म्हणाले आणि पुढे सरकले. मनात सांधे ठरवले होते. झाकणं काय, कुणीही उघडून देतं.

मामांनी हात आडवा केला.

"घरात आत्ता सगळ्यात धाकटं कोण?"

खोलीत आता गुडघ्याला गुडघे लागत होते. सगळ्यांनी मान वळवली. तनुजा कोपऱ्यात उभी होती. हाताला लागलेला लाडवाचा पाक चाटत होती.

मी म्हणाले की ती परक्या घरची लेक आहे, तिचं आडनाव वेगळं आहे. दादा म्हणाला, रक्ताला आडनाव नसतं. मी म्हणाले, तुमची मुलं हिच्याहून लहान आहेत. तो म्हणाला, ती गावात नाहीत. मी म्हणाले, बोलावून घ्या. प्रल्हाद म्हणाला, वैजू, तोवर भिंत थांबेल का?

(भिंत थांबली नव्हती. प्रल्हादची पाठ दाराच्या चौकटीला टेकली होती. दार आता कपाटाच्या फळीएवढं रुंद होतं. एखादी पोर त्यातून तिरकी होऊन बाहेर जाऊ शकली असती. मी नाही.)

मी तनुजाला म्हणाले, "बाहेर जा. स्टँडवर थांब."

ती निघाली. प्रल्हाद उठून बाजूला झाला. त्यानं तिला अडवलं नाही. फक्त माझ्याकडे बघून म्हणाला,

"जाऊ दे की. पण उचलायच्या वेळी धाकटं उठून गेलं तर वाटणी मोडते. वाटणी मोडली की माहेर मोडलं. मग भाऊबीजेला आमची वाट बघू नको. तू मेलीस तर नेसवायला आमच्याकडची साडी येणार नाही."

तो हे रागानं बोलला नाही. गाडीची वेळ सांगावी तसं बोलला.

तनुजाचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. ती थांबून माझ्याकडे बघत होती. मी 'जा' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले,

"थांब जरा."

तेवढ्यात दार अर्ध्या फळीएवढं झालं.

तिनं पाय आत घेतला. मामा तिला जवळ बोलावून लाडानं विचारू लागले की कबड्डीत कुठल्या बाजूनं चढाई करतेस. ती म्हणाली, डावीकडून. दम किती वेळ टिकतो? टिकतो, ती म्हणाली. मामांनी दम्याखालची सतरंजी तिच्याकडे ओढली. पिल्लू फुगलं, शिट्टी वाजली. तनुजाला ते आवडलं. तिचा चेहरा मला माहीत आहे. तिनं दोन्ही हात पुढे केले.

मी आधी उचललं.

मग साखर उचलली. मग मोळी. तनुजाला हात लावायला काही उरू नये म्हणून मी सगळं ओढून छातीशी धरलं आणि त्यावर वाकले.

"अगं, एवढं कशाला," दादा म्हणाला. "लोक आम्हाला काय म्हणतील?"

"असू दे," वहिनी आतून म्हणाली. "हौस असते एकेकीला."

मामा म्हणाले की रीतीला थोडं सोडून झालं, पण आईनं उचललं म्हणजे लेकीनंच उचलल्यासारखं आहे, आणि बाकीच्यांची हरकत नसेल तर वाटणी पूर्ण झाली असं आपण धरू.

कुणाचीच हरकत नव्हती.

भिंती मागे गेल्या. आधी होत्या तिथे थांबल्या नाहीत, आणखी मागे गेल्या. खोली मोठी झाली, लग्नाच्या कार्यालयासारखी. दादानं पाय लांब केले. प्रल्हादनं केले. खिडकीतून वारा आला आणि वहिनी म्हणाली की आता इथे सोफा बसेल.

भिंतींत जे होतं ते माझ्या कानांच्या मागे येऊन बसलं.
शांत होतं.

नंतर

मला पाणी हवं होतं. एक तांब्या प्यायले.
आणखी एक.
जीभ कोरडीच.
पायात चप्पल आहे का, ते मी खाली बघून ठरवलं. होती. एकच.

वहिनीनं ओटी भरली. लेक रिकामी जाऊ नये. तांदूळ, नारळ, खण. पदर धरायला सांगितलं. बोटं
मिटली नाहीत.
मिटली तर उघडली नाहीत.
तांदूळ सांडले. ती म्हणाली, असू दे, शकुन असतो. नारळ तिनं तनुजाकडे दिला.

दादा पाया पडला. माझ्याच. बहीण देवीसारखी असते, म्हणाला. दिवाळीला ये, म्हणाला. दिवे लावायच्या आधी
ये.

मला म्हणायचं होतं की
येईन.
शिट्टी

वाजली.

वहिनीनं दार पूर्ण उघडलं. आता ते इतकं रुंद होतं की त्यातून बैलगाडी गेली असती. मी एकटी चालत गेले. उंबरा ओलांडला. बाहेर तीन पायऱ्या होत्या, लहानपणी मी त्या एका उडीत उतरायचे. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, पण पायरी पायाला सांगत नव्हती की ती आहे.

मी बसले. बसले नाही, खाली गेले.

मागे घरात भांडी आवरण्याचा आवाज येत होता. मामा चहा मागत होते. साखर जास्त घाला, म्हणाले, आता काय.

तनुजा आली. नारळ तिनं भिंतीशी ठेवला. ती चिडली होती, माझ्यावर नाही, त्यांच्यावर. कुणी बाहेर कसं येत नाही, आई पडलीय. ती माझ्यामागे उभी राहिली, पायरीवर पाय रोवले, खेळात समोरच्याला पकडून आत ओढताना रोवतात तसे. माझ्या काखेत दोन्ही हात घातले.

मी मान हलवली. हलली नाही.

मी म्हणाले, नको. ठेव मला. हात काढ.

शिट्टी वाजली. बारीक, लांब. तिला वाटलं, मी कण्हतेय.

"श्वास धर आई," ती म्हणाली. "मी धरते तसा धर. आत्ता उठशील."

आतून मामांनी विचारलं, "उचललं का?"

दादानं खिडकीचा पडदा बाजूला केला. त्याच्या हातात कपबशी होती.

"उचलतेय," तो म्हणाला.

तनुजानं दम घेतला. माझ्या टाचा पायरीवरून सुटल्या.