कुंचीतला वरवंटा

मी वरवंटा बोलत आहे. दगडाने बोलावे काय, हा प्रश्न उचित आहे. परंतु युद्धनौकेच्या यादीत माझी एकदा नोंद झाली आहे, तेव्हा तेवढा अधिकार मला असावा.

माझा जन्म मुळशीतल्या नांदे गावी, पाथरवटाच्या छिन्नीखाली झाला. सोबतीस पाटा होता. आम्ही सगुणाबाईंच्या घरी चाळीस वर्षे वाटण वाटले. त्यांचा मुलगा राजू समुद्रापारच्या एका बंदरात क्रेन चालवीत असे. सून रेश्मा तिथेच बाळंत होणार असे ठरले, तेव्हा सगुणाबाई आम्हा दोघांना घेऊन विमानात बसल्या. बारशाला वरवंटा लागतोच. त्याला कुंची घालून, बाळ समजून, पाळण्याखालून एकीने दुसरीला द्यायचे असते.

नात झाली आणि त्याच आठवड्यात बंडखोरांनी शहराला तिन्ही बाजूंनी वेढा घातला. चौथ्या बाजूस समुद्र होता. बारसे मात्र बाराव्या दिवशीच व्हावे, असे सगुणाबाईंचे मत पडले.

साडीच्या झोळीत कुंची घातलेले बाळ निजले होते. तशीच कुंची घालून मला पलंगावर ठेवले होते. नाव गौतमी ठरले होते. कानात सांगायचे तेवढे राहिले होते. इतक्यात फोन आला. आपल्या नौदलाची नौका धक्क्याला लागली होती आणि पाऊण तासाने सुटणार होती. पाठोपाठ गल्लीत तोफगोळा पडला. खोलीत धूर भरला. हाताला लागलेली कुंची सगुणाबाईंनी छातीशी धरली आणि सर्व जण धावले. घाबरलेल्या माणसास वजन कळत नाही. वाटेत मी एकदाही रडलो नाही, याचे रेश्माला कौतुक वाटले.

शिडीवरच्या नौसैनिकाने मला हळुवार घेतले आणि यादीसाठी नाव विचारले.

"गौतमी," सगुणाबाई म्हणाल्या.

"माँजी, बच्ची बहुत भारी है."

"मुळशीची हाय. भारीच असनार."

त्याने कुंची सारली. काही क्षण तो व मी एकमेकांकडे पाहत राहिलो.

रेश्माने वाकून पाहिले. "आत्या, माझी पोर कुटं हाय?"

राजू एव्हाना धावू लागला होता. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. चौदा मिनिटे उरली होती. तेरावे संपताना राजू धक्क्याच्या टोकाला दिसला. मुलगी झोळीसकट त्याच्या गळ्यात होती आणि अद्याप निजलेली होती. पाटा त्याला आणता आला नाही.

यादीत खाडाखोड करावी लागली नाही. 'गौतमी, बालिका एक' असे लिहिले होते, ती आली. मग सैनिकाने मला कठड्यापाशी नेऊन सगुणाबाईंकडे प्रश्नार्थक पाहिले.

"टाकू नगं, लेका. येष्टीत खिडकीतनं रुमाल टाकत्यात न्हवं? तशी ह्यानं तिची जागा धरली."

भाषा त्यास कळली नसावी. त्याने मला परत कुंची घातली.

आता आम्ही भूगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो. वाटण मिक्सर करतो. गॅलरीचे दार वाऱ्याने आपटू नये, एवढी जबाबदारी माझ्याकडे आहे. गौतमी चौथीत आहे. नाव आधी मला मिळाले, म्हणून ती मला दादा म्हणते.

एक विनंती आहे. त्या बंदरातल्या घरी कोणी परतले असेल, तर पाट्यावर अधूनमधून लसूण वाटावा. वरवंटा म्हणून तिथला कोणताही गोल दगड घ्यावा. पाटा त्याला नावे ठेवणार नाही. मीही ठेवणार नाही.