पेटीतली रबरी बाहुली

बाळांसाठीची काचेची पेटी येऊन दोन वर्षं झाली, पण तिच्यात एकही बाळ निजलं नव्हतं. निजायची ती रबरी बाहुली.

पेटी परदेशी संस्थेने दान दिलेली. प्लग त्यांच्याकडच्या भिंतींसाठी केलेला. दवाखान्यातल्या एकाही सॉकेटमध्ये जाईना. वायर कापावी तर करारात स्पष्ट लिहिलेलं : यंत्रात फेरफार केल्यास मदत बंद. दुसरा प्लग तिकडून यायचा होता. पत्रांवर पत्रं गेली, प्लग काही आला नाही. अहवालाला मात्र दर तीन महिन्यांनी फोटो लागे. म्हणून दवाखान्याच्या साहेबांनी बाहुली आणवली. सिस्टरबाई तिला दुपट्यात गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून निजवायच्या. मनाला खायचं, पण औषधंही त्याच संस्थेची, म्हणून तोंडातून ब्र काढत नसत.

आज सकाळी सातव्याच महिन्यात एक बाळ जन्मलं. जेमतेम सव्वा किलोचं. आईच्या उराशी द्यावं तर रक्त जाऊन तिचंच अंग गार पडलेलं. मोठं हॉस्पिटल सहा तासांवर. बाळाचे पाय निळसर होऊ लागले, तसा सिस्टरबाईंनी वायरमन दिराला फोन लावला.

"भाऊजी, असाल तसे या. पक्कड आणि प्लग आणा."

दीर आला, प्लग उलटसुलट बघून हसला. "वहिनी, दहा मिनिटांचं काम! दोन वर्षं काय आरती ओवाळत होता याला?"

"टोमणे मागाहून मारा." त्यांनी क्षणभर डोळे मिटून हात जोडले. "कापा."

दिराने वायर कापून इथला प्लग जोडला. पेटी तापली. बाळ आत गेलं. अर्ध्या तासाने पायांवर गुलाबी झाक आली, आणि तेवढ्यात साहेब धावत आत शिरले.

"संस्थेच्या पाहुण्या बाई फाटकात आल्यात! यंत्र तपासणार आहेत. जुना प्लग जोडा, बाळ उचला. पाच मिनिटांचा तर प्रश्न!"

"आणि पेटीत काय ठेवू?"

"बाहुली आहे की!"

सिस्टरबाईंचा आवाज शेजारच्या खाटेलाही कधी ऐकू जात नसे. तो आज व्हरांड्यापर्यंत गेला.

"हात घाला आत, साहेब. पाय धरा त्याचा. लागली ऊब? आता तुमच्या हाताने बटण बंद करा."

साहेबांनी हात खिशात घातला.

पाहुण्या बाई आत आल्या. बाळाकडे बघून हसल्या, मग वायरीकडे बघून हसायच्या थांबल्या. आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या.

"कोणी कापली विचारतायत," साहेब पुटपुटले. "नियमाप्रमाणे मदत थांबेल म्हणतायत."

"मी कापवली. सांगा त्यांना, पाच बाळं माझ्या हातात गार झाली. पेटी याच खोलीत होती. आणि मी फोटोसाठी हिला निजवत होते." त्यांनी कपाटातून बाहुली काढून पाहुणीच्या हातात कोंबली. "घ्या. अहवालाला हिचाच फोटो लावा. सांगा साहेब, एक शब्द गाळू नका!"

साहेब दाराकडे सरकले. पाहुणी बाहुली धरून कधी त्यांच्याकडे, कधी सिस्टरबाईंकडे बघत राहिली.

"पेटी परत न्यायची तर न्या," सिस्टरबाई म्हणाल्या. "पण हे दोन किलोचं झाल्यावर. तोवर प्लगला कोणी हात लावायचा नाही."

दीर पक्कड घेऊन सॉकेटसमोर उभा राहिला. सिस्टरबाईंनी स्टूल ओढलं आणि सगळ्यांकडे पाठ करून पेटीतल्या तापमानाच्या काट्यावर डोळे लावून बसल्या.