रुचाचा पहिला प्रयोग

मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की मी सांगते, खड्ड्यात उभी असते. ऑपेरात वादक स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसतात आणि कंडक्टर तिथूनच सगळ्यांना हाकतो. आमची रुचा मिनिॲपोलिसच्या एका कंपनीत असिस्टंट कंडक्टर. म्हणजे तालमी हिने घ्यायच्या आणि प्रयोगाला कोट घालून मुख्य कंडक्टर साहेबांनी यायचं. तिथे आजवर एकाही बाईने प्रयोग कंडक्ट केलेला नव्हता.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. "आई, सरांना फ्लू झालाय. आज मी करतेय!"

"मग रडतेस कशाला?"

"नेक्स्ट सीझनला मला एक ऑपेरा द्यायचा का, ते डिसाइड व्हायचंय. आधी ऑर्केस्ट्राला विचारणार. They have to want me, आई."

ईडन प्रेरीच्या आमच्या घरून निघालो तेव्हा गाडीतच मी प्रल्हादना बजावलं. हे माझे मिस्टर, रिटायर्ड इंजिनिअर, जन्मभर गाण्याच्या मैफिलीत पहिल्या रांगेत बसलेले. "अहो, तिथे मध्ये बोलायचं नसतं. खोकलासुद्धा गिळायचा."

"कळतं गं मला."

कळतं म्हणे! दुसऱ्या अंकात नायिकेने एक सूर असा लांबवला, असा बारीक करत नेला की माझ्या अंगावर काटा आला. सूर थांबला. रुचाचा हात वरच होता, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं. आणि आमचे हे हात उंचावून खणखणीत आवाजात म्हणाले, "वाऽऽ! क्या बात है!"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. खड्ड्यातले वादकही वर बघायला लागले. रुचा तेवढी वळली नाही. हात तसाच ठेवून ती थांबली, गडबड पूर्ण शमू दिली, गायिकेकडे बघून हसली आणि मग इतक्या हलकेच हात खाली आणला की व्हायोलिनं कधी सुरू झाली ते कळलंच नाही.

"पोरीचं वाटोळं केलंत," मी कुजबुजले.

"राहवलं नाही गं," ते डोळे पुसत म्हणाले.

प्रयोग संपला. रुचा स्टेजवर आली, टाळ्या पडल्या. तिने वादकांकडे हात केला आणि खड्ड्यातून धडधड आवाज आला. वादक पाय आपटत होते! कॉलेजच्या गॅदरिंगला एखाद्या नटाला पाडायचं असलं की आम्ही अस्सेच पाय आपटायचो. एका 'वा'पायी पोरीचं सगळं गेलं. एकेकाला जाब विचारायला मी तरातरा उठले.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला. "अहो, वाद्यं आहेत ना त्यांच्या हातात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "म्हणून टाळ्या पायांनी वाजवतात. मी वर्षानुवर्षं येतेय इथे, पण साहेबांसाठीसुद्धा एवढ्या जोरात कधी ऐकल्या नाहीत."

मी स्टेजकडे पाहिलं. रुचाला तो आवाज कळला होता. तोंडावर दोन्ही हात दाबून ती सगळ्यांसमोर ढसाढसा रडत होती, हसतही होती.

मी मटकन खाली बसले, साडी वर खोचली आणि धाडधाड पाय आपटायला लागले.

"अगं, काय करतेस?" प्रल्हाद घाबरून म्हणाले.

"बघत काय बसलात," मी म्हटलं, "आपटा!"